मागचा जाड टायर

मंडळी, मिस्टर गेल्यापासून मी त्यांच्याच सायकलनं कामावर जाते. थंडीत पहाटे दवानं ओल्या रस्त्यावर चाक घसरायला लागलं, म्हणून आज शहागंजला टायर घ्यायला गेले. ते मागच्या चाकाला नेहमी जाड टायर टाकायचे. मी तोच मागितला.

दुकानातल्या चाचांनी विचारलं, "भाभी, डबल सीट चलाते क्या?"

म्हटलं, "आधी मी मागं बसायचे. आता एकटीच."

चाचा म्हणाले, "तो हलका लेव. जाड भारी पडेगा."

मी तरी जाडच बसवून घेतला. येताना चढावर इतका दम लागला की उतरून ढकलावी लागली.

हाच चढ मिस्टर रोज मला मागं बसवून चढायचे. दम लागतो का, हे मी कधी विचारलंच नाही. तुम्ही घरच्यांना विचारता का?