रणगाड्यांच्या कॅसेटला लाल टॅग

घरात एखाद्याला काही जमवायचा नाद असला की वस्तूंसाठी जागा करावी लागते. कपाट हलवा, पलंग सरकवा, माळा रिकामा करा. किस्से मात्र आपली जागा आपणच करून घेतात. आमच्या चिखलीच्या टू-बीएचकेत जुने व्हिडिओ गेम चौदा वर्षं येत राहिले, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पाठोपाठ एक किस्सा आला. मैत्रिणी म्हणतात, "सुनीता, लिहून काढ बाई!" म्हणून बसले.

नाद आमच्या ह्यांचा. नाव सुधाकर. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत हे स्टोअरला आहेत.

ह्यांच्या लहानपणी घरात टीव्हीला जोडायचा एक गेम होता. त्यात रणगाड्यांची कॅसेट. दहावीच्या सहामाहीत मार्क घसरले, तेव्हा सासूबाईंनी तो गेम कॅसेटसकट भंगारवाल्याला दिला आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला. तो डबा अजून आमच्या ओट्यावर आहे. तूरडाळ असते त्यात.

चौदा वर्षांपूर्वी एका गुरुवारी हे पिशवीत तसलाच एक जुना गेम गुंडाळून घेऊन आले. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमचा रविवार गुरुवारीच उजाडतो. मी विचारलं, "हे काय?"

"कलेक्शन!"

"आणलं कुठून?"

"भंगारवाल्याकडून."

सासूबाई मावळातल्या. आतून आवाज आला, "दिलं तवा भंगार, आनलं तवा कलेक्शन व्हय!"

*

ह्या नादात ह्यांना दोन मित्र मिळाले. एक मिलिंदभाऊ, त्यांचं पिंपरी कॅम्पात टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दुसरे गंगाधर, मूळचे परभणीचे, ह्यांच्या कंपनीची बस चालवतात. दर गुरुवारी तिघं भंगाराची गोदामं पालथी घालायचे आणि धुळीत माखून आमच्याकडे जेवायला यायचे.

मिलिंदभाऊ म्हणजे आमचे डॉक्टर. कॅसेट चालली नाही की तुम्ही-आम्ही काय करतो? उलटी करून फुंकर मारतो. मिलिंदभाऊंना ते अजिबात खपायचं नाही. "वहिनी, तोंडातली वाफ आत जाते, तांब्याच्या पट्ट्यांना गंज चढतो. ही अडाणी पद्धत आहे!" मग ते खिशातून स्पिरिटची बाटली काढायचे, कापसाने एकेक पट्टी पुसायचे, वाळवायचे.

आणि मशीनमध्ये घालायच्या आधी स्वतः एक फुंकर मारायचे.

मी एकदा पकडलंच. "भाऊ, आता कशाला?"

"सायन्स वेगळं वहिनी, समाधान वेगळं!"

*

गंगाधरांना एकदा एक पिवळी कॅसेट मिळाली. वर मोठ्या अक्षरात ९९९९ गेम लिहिलेले. हे म्हणाले, "अरे भावा, सात-आठच असतात. तेच तेच नावं बदलून लावतात."

गंगाधरांना पटेना. "एवढं मोठ्यानं लिवलंय, तर काहीतरी आसंल की!"

झालं. गुरुवारी सकाळी वही-पेन घेऊन बसले. एक गेम लावायचा, बघायचा, वहीत टिक करायची. दुपारी जेवणाला उठले तेव्हा तीनशेच्या पुढे गेले होते. सात गेम पुन्हा पुन्हा येत होते, बाकी काही नाही. संध्याकाळी चहा देताना मी म्हटलं, "गंगाधरभाऊ, आता तरी पटलं का?"

त्यांनी वहीवरची मान वर केली नाही. "आता तर मधी सोडता येईना वहिनी. पुढचाच आठवा निघाला तर?"

*

ह्यांच्या स्टोअरमध्ये शिस्त फार कडक. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, त्या जागेला नंबर, नंबराची पट्टी. कुणी काही मागितलं की नाव नाही सांगायचं, नंबर सांगायचा. ही शिस्त ह्यांनी कॅसेटींना लावली. हॉलमधली अख्खी भिंत मांडण्यांची, रांगेला अक्षर, खणाला आकडा. तोवर ठीक होतं. मग पट्ट्या उरल्या.

एका गुरुवारी मी भाजी घेऊन आले, तर माझ्या मिठाच्या बरणीवर पट्टी! साखरेवर, पोह्यांवर, त्या स्टीलच्या डब्यावरसुद्धा. ऋतुजा, आमची मुलगी, माणच्या एका आयटी कंपनीत आहे. ती म्हणाली, "पप्पा, मला पण ऑफिसमध्ये एवढं नीट ठेवत नाहीत."

मी चिडले होते. पण सासूबाई कॉटवरून बघत होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "मला बी एक चिकटव बाबा. म्हंजी ह्यी म्हातारी कुटं असती ते कुनाच्या तरी ध्यानात ऱ्हाईल."

हे हसले. पण त्या दिवसापासून कामावरून आले की आधी आईच्या कॉटवर पाच मिनिटं टेकतात.

*

ऋतुजाला बघायला तळेगावची माणसं आली होती. मुलगा, त्याची आई आणि वडील. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर मुलाचे वडील खुर्चीवर नाहीत! ते मांडणीपुढे चवड्यावर बसले होते.

"अहो, ही बदकं मारायची बंदूक आहे का?"

"चालू आहे," हे म्हणाले.

मिलिंदभाऊंनी जुना जाड टीव्ही मुद्दाम त्या बंदुकीसाठीच जपून दिला होता. नव्या सपाट टीव्हीवर ती चालत नाही म्हणे. पुढचा पाऊण तास आमच्या हॉलमध्ये बदकं पडत होती. मुलाची आई पोहे खात माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मुलगा आणि ऋतुजा गॅलरीत बोलून आलेसुद्धा, तरी कुणाचं लक्ष नाही.

दोघांनी एकमेकांना नकार दिला. अगदी समजुतीने. स्थळ गेलं, पण तळेगावचे काका दर महिन्याला येतात!

*

आता जरा वेगळं सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिघं नेहमीसारखे गोदामं बघायला गेले आणि दोन तासांत परत आले. मी पिशवी उघडली. आत एक चपलांचा जोड आणि कोथिंबिरीची जुडी.

"कॅसेट?"

"बघितल्या. होत्या दोन-तीन." एवढंच बोलून हे हात धुवायला गेले. मिलिंदभाऊ दारातच हळूच म्हणाले, "वहिनी, आज ह्यानं एक पण हातात घेतली नाही. मी आपला दाखवत होतो, हा कोथिंबीर निवडत होता."

मला वाटलं, दमले असतील.

मग कुरियर आलं. रणगाड्यांची कॅसेट, तीच, तशीच, मूळ खोक्यासकट. चौदा वर्षं हे तिच्या मागे होते. कलकत्त्याच्या कुठल्याशा माणसाकडे सापडली होती. हे जेवत होते. म्हणाले, "ठेव तिकडे."

ते पार्सल आठ दिवस टीव्हीवर पडून होतं. नवव्या दिवशी मीच कात्रीने उघडलं आणि ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी उलटीपालटी केली, "हं, चांगली आहे" म्हणाले आणि पट्टी लावून खणात ठेवली. मशीनला लावली नाही. फुंकरसुद्धा मारली नाही.

रात्रीची भांडी आवरताना हे ओट्याशी येऊन उभे राहिले. "सुनीता, मला आता काही वाटतच नाही गं. भिंतीकडे बघतो आणि स्टोअरमध्ये उभा असल्यासारखं वाटतं. माझं काय बिघडलंय का?"

चौदा वर्षं मी ह्या माणसाला म्हणत होते, हा पसारा काढा.

मी म्हटलं, "ताक घेता का थोडं?"

*

ह्यांच्या कंपनीत एक पद्धत आहे. जी वस्तू वापरात नाही असं वाटतं, तिला लाल टॅग बांधायचा. त्यावर वस्तूचं नाव, बांधल्याची तारीख आणि कारण. खाली एक रिकामी ओळ असते : मधे कुणी वापरली तर तारीख टाकून सही करायची. महिनाभरात ती ओळ कोरी राहिली, तर वस्तू बाहेर. सही असली, तर ती वस्तू कुणीही हलवायची नाही. साहेबांनीसुद्धा नाही.

एका गुरुवारी हे लाल पुठ्ठा घेऊन बसले. दिवसभर कापत होते, भोकं पाडत होते, दोरे ओवत होते. संध्याकाळपर्यंत अख्खी भिंत लाल. कारणाच्या जागी सगळीकडे एकच : 'वापर नाही.' तळेगावच्या काकांना फोनसुद्धा केला. महिन्याने टेम्पो घेऊन या, सगळं तुमचं.

"तुम्ही एकदा नीट विचार करा," मी म्हटलं.

"केला. पडून राहण्यापेक्षा ज्याला हौस आहे त्याच्याकडे जाऊ दे." रागाने नाही बोलले. तेच मला जास्त लागलं.

सासूबाईंनी मला विचारलं, "ह्ये लाल लाल कशापायी बांधलंय गं?"

मी सांगितलं. जे वापरात नसतं, ते महिन्याने घरातून जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मटार घेऊन बसले, तर सासूबाई काठी टेकत आल्या आणि माझ्या हातातली पाटी ओढून घेतली.

"आजपासून मटार मी सोलनार."

*

सोमवारी हे पहिल्या शिफ्टला गेले, ऋतुजा ऑफिसला गेली. मी मिलिंदभाऊंना फोन लावला. "भाऊ, ते मशीन कसं जोडायचं?"

ते म्हणाले, "पिवळी पिन पिवळ्यात घाला वहिनी. आणि फुंकर मारा."

"वाफ जाते ना?"

"जाऊ दे!"

मला काही येत नव्हतं. दहा सेकंदांत मेले. परत लावलं, परत मेले. पण वापरली हे खरं होतं, म्हणून टॅगवर तारीख टाकली, सही केली. खोटी सही मला जमली नसती. रोज स्वयंपाक आवरला की एक कॅसेट. त्यापेक्षा जास्त वेळ मिळायचा नाही.

सासूबाई मटार सोलता सोलता बघायच्या. "आगं ह्यो मागनं आला! वळ की! गेली का पुन्ना?" चौथ्या दिवशी म्हणाल्या, "आन हिकडं."

महिना भरला त्या गुरुवारी काका टेम्पो घेऊन आले. मिलिंदभाऊ आणि गंगाधर खोकी उचलायला. हे मांडणीपाशी गेले, पहिल्या खणाला हात घातला आणि थांबले. टॅग हातात धरून वाचला. खालच्या ओळीत माझी सही. दुसरा टॅग, परत सही. टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता.

सव्वीस निघाल्या. हे एकेक काढून टेबलावर ठेवत गेले. शेवटची रणगाड्यांची. तिच्या टॅगवर माझी सही नव्हती. वाकडीतिकडी मोठी अक्षरं होती, आणि एक तारीख नव्हती, पाच-सहा होत्या. ओळ संपल्यावर मागच्या बाजूला लिहिलेल्या.

ह्यांनी एकेक तारीख बोटाने मोजली. मग वळून म्हणाले, "काका, बाकीचं सगळं न्या. एवढ्या वापरात आहेत."

काका समजूतदार. पण हौशी! त्यांची नजर टेबलावर. "अहो, निदान ती रणगाड्यांची तरी..."

कॉटवरून सासूबाई उठल्या. काठी न घेताच टेबलापाशी आल्या आणि कॅसेटवर हात ठेवला.

"एकडाव दिली व्हती म्या. आता न्हाई द्यायची. आन माजा डाव अर्धा ऱ्हायलाय."

गंगाधर हातातलं खोकं तसंच धरून उभे. मिलिंदभाऊंनी सवयीने खिशातून स्पिरिटची बाटली काढली. ह्यांनी मानेनेच नको म्हटलं.

मग आईच्या हाताखालून अलगद कॅसेट काढून घेतली, उलटी केली, आणि डोळे मिटून एक लांब फुंकर मारली.