टोक जळलेला स्क्रूड्रायव्हर

परवा खणात सेलोटेप शोधताना बाबांचा टोक जळलेला स्क्रूड्रायव्हर हाताला लागला, आणि मी थेट आरोंद्याच्या खाडीकाठी जाऊन उभी राहिले. सकाळची वेळ होती, नारळांची पोती भरलेली आमची जुनी पिकअप, आणि चावी फिरवली की नुसता टक्क असा आवाज. दिवे लख्ख लागत होते, म्हणजे बॅटरी ठीक होती. स्टार्टरच अडलाय असं म्हणत बाबा चावी चालू ठेवून उतरले आणि पुढच्या चाकांच्या मधून गाडीखाली उताणे सरकले. स्क्रूड्रायव्हरने स्टार्टरची दोन टोकं जोडायची, ही त्यांची नेहमीची युक्ती. "गाडयेच्या फुडे येव नको गो," ते खालून ओरडले. हँडब्रेक कधीचाच गेला होता, त्यामुळे ते गाडी गिअरमध्येच उभी करत. त्या दिवशी खाली शिरण्याआधी ती गिअरमधून काढायलाच नेमके विसरले. ठिणगी उडाली, जळक्या वायरीचा वास आला, आणि आत कुणी नसताना गाडी गचका देऊन चालायला लागली. मागचं चाक बाबांच्या कानाजवळून गेलं. गाडी समोरच्या माडावर आदळून बंद पडली. बाबा मात्र उघड्या आभाळाखाली तसेच उताणे, स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून विचारत होते, "झाली मां चालू?" माझी आताची गाडी क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाही, नवरा हसतो, तरी चावीला हात लावण्याआधी मी वाकून खाली बघते.