सत्यभामेच्या छातीतली धडधड

सोनारीच्या आण्णासाहेबांना जनावराची फार काळजी. बैलानं एक दिवस कडबा टाकला की हे गृहस्थ भूमहून ढोरांचा डॉक्टर घेऊन यायचे. बायकोच्या बाबतीत मात्र सगळी अक्कल खुंटीला टांगलेली. मी त्यांची भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, म्हणून सांगते. तेव्हा मराठवाडा महाराष्ट्रात येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील.

त्यांच्या सत्यभामेची छाती बसल्या जागी धडधडायची. नुसती ज्वारी निवडत बसली तरी. हात थरथरायचे, थंडीतही घाम फुटायचा, आणि पोटभर खाऊनही बाई खंगत चाललेली. तिनं नवऱ्याला सांगितलं, "अवं, छातीत लई धडधडतंय. डाक्टरला दावा की."

"बायकांच्या जातीला कायतरी निमित्त लागतंय," आण्णासाहेब म्हणाले.

सासू मथुराबाईंनी तर कमालच केली. एकदा आरतीच्या वेळी सत्यभामा थरथरत खाली बसली, तर यांनी तिच्या कपाळाला हळदकुंकू फासून जाहीर केलं, "भैरोबाचं वारं आलं!" झालं. दर रविवारी ओसरीवर गर्दी. कुणाची म्हैस आटलेली, कुणाची सोयरीक मोडलेली. धापा टाकणाऱ्या बाईच्या तोंडून निघेल तो देवाचा शब्द. एरवी घरात तिला कुणी पाणी विचारत नव्हतं, आणि ओसरीवर तिच्या पायांचं तीर्थ पीत होते. चुलीत घाला असली भक्ती! आण्णासाहेब शेजारी मिशीला पीळ देत बसायचे. गावात मान वाढला होता ना.

पौषात ती दोनदा चक्कर येऊन पडली. दुसऱ्यांदा बराच वेळ शुद्धीवर आली नाही. मथुराबाई म्हणाल्या, "वारं जड हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई हकनाक मरणार आणि ही माणसं तिचंच ठाणं बांधून पूजा करणार, हे मला दिसत होतं. तिलाही दिसलं असावं.

ज्याच्या अंगात देव येतो, त्याला आमच्याकडं देवाचं झाड म्हणतात. पुढच्या रविवारी भरल्या ओसरीत सत्यभामा घुमली आणि तिनं नवऱ्याकडं बोट केलं.

"आण्ण्या! माझं झाड वाळाय लागलंय. उद्याच्या उद्या बार्शीच्या मोठ्या डाक्टरकडं ने. न्हाय नेलंस तर तुझं घर सोडीन!"

आण्णासाहेबांनी कपाळ जमिनीला टेकवलं. "नेतो देवा, नेतो."

दुसऱ्या दिवशी मीही सोबतीला निघाले आणि आम्ही तिघांनी पहिली एस.टी. धरली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, गळा चाचपला आणि ते तडकलेच. "अहो, धावल्यावर, भ्यायल्यावर छाती धडधडते, ती जरा टेकलं की थांबते. पण बसल्या जागी धडधडते, दम लागतो, चक्कर येते, तर त्याच दिवशी आणायचं! गळ्यातली ग्रंथी बिघडलीय हिची. औषधानं ताब्यात येईल. इतके दिवस काय करत होता?"

"देवानं कालच सांगितलं, साहेब," आण्णासाहेब हात जोडून म्हणाले.

"म्या वरीसभर सांगत हुते," बाकावरून सत्यभामा म्हणाली.

त्यांनी तेव्हाही ऐकलं नाही. ते डॉक्टरांना विचारत होते, औषध घेतल्यावर वारं यायचं थांबणार तर न्हाय ना.