शेंदराची माय

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी जातात. माझी सासू भागाबाई, मी तिला आत्याबाई म्हणते, ती मात्र जंगलात जायची. ती रांगत होती तेव्हाच तिची आई वारली, बाप मजुरीला सुरतेकडे गेला तो परतलाच नाही. मग माहेर आणायचं कुठून? सातपुड्यात, आमच्या गावाच्या वर एक पडकं मंदिर आहे. ते जैनांचं, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं. खांब आडवे झालेले, छत फोडून साग वर गेलेला, आणि आत मांडी घालून बसलेली शेंदराची माय. शेंदूर इतका थापलेला की नाक-डोळेही दिसत नसत. मांडी आहे म्हणजे लेकरू घ्यायला आहे, म्हणजे बाईच, असं गावानं कधीच ठरवून टाकलेलं.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती मलाही घेऊन गेली. मला शिंदखेड्याला माझ्या आईकडे जायचं होतं, त्यामुळे तोंड फुगवूनच गेले. आत्याबाईनं मायला हिरवा खण पांघरला, सांजोरी पुढे ठेवली आणि घरातलं बठ्ठं, अगदी सगळं, सांगायला बसली. माझ्यादेखत माझीच गाऱ्हाणी. "सून कामले चांगली शे, पन तोंडनी तिखट शे." मी काय ऐकून घेणार? मीही मायजवळ सासूची गाऱ्हाणी मांडली. मग दोघीही हसत सुटलो. दर वर्षी निघताना आत्याबाई मायच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायची, पुढच्या आखाजीला येते म्हणायची.

यंदा शहरातल्या जैन मंडळींनी परवानगी काढून मंदिर सावरायला घेतलं. आखाजीला आम्ही पोचलो तर शेंदूर सगळा निघालेला. आत काळ्या दगडाचा पुरुष, डोळे मिटून शांत बसलेला.

तिथले एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. "अक्का, हे आमचे तीर्थंकर. तुम्ही गावकऱ्यांनी इतकी वर्षं सांभाळलंत," असं म्हणून त्यांनी हात जोडले. माणूस चांगला होता, त्याच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं. तरी मी चिडलेच.

मूर्तीकडे पाहून आत्याबाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, परक्या वडीलधाऱ्या माणसासमोर ओढतात तसा. खण पिशवीतच राहिला.

"चला घरी," मी म्हटलं. ती हलेना. मग तिनं हळूच त्या मूर्तीलाच विचारलं,

"आबा, मनी माय कोठे गई?"