सगळ्या पोपटांची जनरल शिफ्ट

चहा घ्या आधी, गरम आहे तोवर. आणि हसायचं ते शेवटी हसा, मधेच सुरू झालात तर मला पुढचं सांगताच येणार नाही. कारण हा गाढवपणा मी, बबन कदमनं, भर दिवसा, पूर्ण शुद्धीत केलाय!

तेव्हा मी चिंचवडच्या एका कंपनीत लेथवर होतो. राहायला कासारवाडीत, स्टेशनच्या मागं दोन खोल्या. घरात मी, बायको मंगल आणि सुभेदार. सुभेदार म्हणजे आमचा पहाडी पोपट. हातभर शेपूट आणि अडकित्त्यासारखी चोच. बदाम दिला की कवचासकट कडाक्कन! त्याच्या जिवावर मी डिपार्टमेंटमध्ये पोपटांचा तज्ज्ञ झालो होतो. कुणाचा पोपट खात नाही, कुणाचा बोलत नाही, विचारा कदमला! मला काय येत होतं? काही नाही, राव! पण ठोकून द्यायचो.

त्याच नावलौकिकापायी आमच्या फोरमनसाहेबांनी, जोगळेकरांनी, गावाला जाताना आपले दोन लव्हबर्ड आठवडाभर माझ्याकडं ठेवले. चिमणीएवढे, हिरवे-पिवळे, दिवसभर चिवचिव. वहिनींचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा, त्यांच्यावर भारी जीव. पिंजरा माझ्या हातात देताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"कदम, रोज तासभर बाहेर सोडा हं यांना. पण तुमचा सुभेदार बाहेर असताना मुळीच नाही. आणि हे बाहेर असले की त्याचा पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या. हे वेडे त्याच्या गजांवर जाऊन बसतात, आणि मोठा पोपट आतून पाय धरतो."

"वहिनी, पोपटांतलं मला शिकवता?" मी हसत म्हणालो.

चार दिवस मंगलनं सगळं नीट सांभाळलं. सकाळी दारं-खिडक्या लावून लव्हबर्डची पाळी, दुपारी सुभेदाराची. पाचव्या दिवशी रविवार. मंगल थेरगावला माहेरी निघाली आणि उंबऱ्यातून मागं वळली.

"आवो, समद्यास्नी एका टायमाला सोडू नगा. ध्यान हाय न्हवं?"

"अगं, तीन पाखरांना दोन-दोन शिफ्ट कशाला? सगळे पोपटच की! आज जनरल शिफ्ट लावतो."

"पोपटच हायती, पर त्यो केवढा आन् ती केवढी! काय झालं तर वहिनींना तोंड कोन दाखवनार?"

तज्ज्ञ माणूस बायकोचं ऐकतो का? ती कोपऱ्यावरून वळली आणि मी खिडक्या लावून दोन्ही पिंजऱ्यांची दारं उघडली!

पहिली पाच मिनिटं काय दृश्य होतं म्हणून सांगू! लव्हबर्ड खोलीभर भिरभिरतायत, सुभेदार जमिनीवर डुलत डुलत फिरतोय. मनात म्हटलं, वहिनींना सांगायला हवं, बाई, उगाच घाबरत होतात.

तेवढ्यात एक लव्हबर्ड थेट सुभेदाराच्या वाटीवर जाऊन बसला. बसला तो बसला, वर त्याची मिरची ओढायला लागला!

सुभेदार फुगला. मग झेपावला. नुसता फडफडाट, किंकाळ्या, पिसंच पिसं! मी टॉवेल फेकला, तो पडला माझ्याच पायात. धडपडत उठलो तर एक लव्हबर्ड घड्याळावर थरथरत बसलेला. दुसरा? पलंगाखाली नाही. कपाटामागं नाही. मोरीत नाही.

वर बघितलं. सुभेदार कपाटावर. नखाला हिरवं पीस चिकटलेलं. आणि चोच? लालभडक!

देवाशप्पथ सांगतो, वहिनींचे भरलेले डोळे समोर दिसायला लागले.

"मेल्या, खाल्लास त्याला?" मी ओरडलो.

सुभेदारानं शांतपणे मान खाजवली.

त्याला पिंजऱ्यात कोंबलं, सायकल काढली आणि निघालो पिंपरीच्या बाजारात. तिथं रविवारी एक पक्षीवाला बसायचा. त्याच्याकडून हुबेहूब तसाच हिरवा-पिवळा लव्हबर्ड घेतला, घरी आणून घड्याळावरच्याबरोबर पिंजऱ्यात ठेवला आणि पिसं झाडत बसलो. संध्याकाळी मंगल आली. माझा चेहरा बघूनच तिला कळलं. सगळं सांगितलं. "चोच लाल झाली होती गं त्याची, रक्तानं!"

"आवो, त्याची चोच जल्मापासनं लालच हाय!"

खरंच की हो! सात वर्षं रोज बघत होतो!

एवढ्यात खुंटीवरच्या माझ्या कंपनीच्या खाकी शर्टाच्या खिशातून "चिव" असा आवाज आला. मंगलनं हात घातला, तर आत दुसरा लव्हबर्ड! जिवंत! एक नख तेवढं मोडलेलं. तिनं हळद लावली, त्यानं तिला चावून आभार मानले. मला तर रडूच फुटलं.

पण आता पिंजऱ्यात झाले तीन. आणि त्याच क्षणी दारात स्कूटरचा हॉर्न. साहेब आणि वहिनी, दोन दिवस आधीच हजर!

"खरं काय ते सांगून टाका," मंगल कुजबुजली. सांगितलं असतं तर आज हा किस्सा कशाला झाला असता? वहिनींनी पिंजऱ्यात बघून मोजलं. पुन्हा मोजलं.

"कदम, हे तीन कसे?"

"अभिनंदन वहिनी!" मी छाती काढून म्हणालो. "पिल्लू झालं!"

"पाच दिवसांत? आणि एवढं मोठं?"

"हवा चांगली आहे आमच्याकडची. शिवाय सुभेदाराचे बदाम…"

वहिनी पिंजऱ्यापाशी वाकल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कदम, आमचे दोघंही नर आहेत हो."

साहेब असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग काय, टॉवेलापासून खिशापर्यंत सगळं कबूल केलं. नख मोडल्याबद्दल वहिनी रागावल्या आणि तिन्ही पाखरं घेऊन गेल्या.

सोमवारी कामावर गेलो, तर माझ्या लेथवर कुणीतरी खडूनं ठळक अक्षरांत लिहून ठेवलेलं: 'बबनबाई सुईण. नरांची बाळंतपणं करून मिळतील.'

खडू काय, पुसला मी लगेच. पण रिटायर होईस्तोवर त्या डिपार्टमेंटमध्ये मला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही!