मामीचं माप

अंगावरच्या प्रत्येक टाक्याला स्वतः जबाबदार असलेला माणूस साऱ्या पेडणे तालुक्यात एकच आहे, आणि ते माझे मामा आहेत. शर्ट, पँट, बनियन, टोपी, पिशवी, रुमाल, सगळं ते घरी शिवतात. स्वेटर, मफलर विणतात. चपला तेवढ्या बाजारातून आणतात, पण त्याही घरी आल्यावर एकदा उसवून पुन्हा शिवतात.

मामा मूळचे ट्रकवाले. डिचोलीच्या खाणींवरून खनिज वाहायचे. ट्रकवरची ताडपत्री फाटली की रस्त्याकडेला बसून दाभणानं शिवायची, ही त्यांची शिवणकामाची शाळा. खाणी बंद झाल्या, ट्रक गेला आणि धारगळच्या घरात खिडकीखाली जुनं शिलाई मशीन आलं. शाळेचा संस्कार मात्र पुसला गेला नाही. त्यांच्या शर्टाला दुहेरी टीप असते आणि ती बैलानं ओढली तरी सुटणार नाही. पँटला सात खिसे असतात. सात कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ट्रकाचे कागद सात होते रे." ट्रक आता नाही, कागदही नाहीत. खिशांतून लोकर असते.

लोकर हा वेगळा विषय आहे. धारगळला थंडी पडते ती डिसेंबरात, पहाटे, फार तर तासभर. मामा त्या तासासाठी दरवर्षी नवा स्वेटर विणतात. पणजीच्या बसमध्ये उभ्यानं त्यांच्या सुया चालू असतात. ब्रेक लागला की शेजारचा प्रवासी बाजूला सरकतो, त्यामुळे गर्दीतही त्यांना ऐसपैस जागा मिळते. मला त्यांनी उंच गळ्याचा जाड स्वेटर दिला आहे. "तुझ्या ऑफिसात एसी आसा मा? मगे घाल," हा त्यांचा आदेश. मी तो एकदा घातला. संपादकांनी मला ताप आहे असं समजून घरी पाठवलं.

शर्टाच्या कॉलरखाली ते दोरा ओवलेली सुई टोचून ठेवतात. एकदा गावात एका घरी दुखवट्याला गेलो होतो. घरचे गृहस्थ वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल रडत सांगत होते. मामांचं लक्ष त्यांच्या उसवलेल्या खांद्याकडे होतं. थोड्या वेळानं मामा उठले, त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हालू नको हां, टोचात." गृहस्थ हलले नाहीत. रडणंही थांबलं. गृहस्थांच्या बायकोनं नंतर सांगितलं की त्या दिवशी आलेल्यांपैकी उपयोगाचं काम मामांनीच केलं.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाला एकच खंत होती. मामी त्यांनी शिवलेला ब्लाउज घालत नसे. दर गणेशचतुर्थीला ते एक शिवत. मामी तो अंगाला लावून बघे, घडी घालून कपाटात ठेवी आणि पेडण्याच्या बाजारातल्या शिंप्याकडे जाई. असे अकरा ब्लाउज साठले होते. "मी काय तुमचो ट्रक? माका ताडपत्री घालूक नको," एवढंच ती म्हणायची. मामा टेप लावायला कधीच तयार नसत. "तिचा माप माका पाठ आसा," हे ते अभिमानानं चारचौघांत सांगत. लग्नातल्या ब्लाउजवरून त्यांनी एक कागद कापून ठेवला होता आणि अकराही ब्लाउज त्याच कागदावर बेतले होते.

मग मामी विहिरीजवळ घसरली आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. चार दिवसांवर तिच्या माहेरी, मयेला, भाच्याचं लग्न. नवरदेवाची ती एकुलती आत्या. प्लास्टरवरून एकही बाही चढेना. शिंप्यानं लग्नसराई सांगून आठ दिवस मागितले. मामी म्हणाली, "मी येणंय नाय. तुमी जावा." आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी शिवतंय," मामा म्हणाले.

ती वळली. "मगे माप घ्या. पाठ नको."

त्यांना गाडीतून न्यायचं म्हणून मी आलो होतो. आकडे लिहायला मला बसवलं. कंबरेचा आकडा सांगून मामा थांबले. खांद्याला तीनदा टेप लावला. "टेप ताणलो आसतलो," ते म्हणाले.

"टेप बरो आसा," मामी म्हणाली. "मी ताणलेलंय."

मामांनी जुना कागद काढून शेजारी धरला. कागदाची कंबर तीन इंच कमी होती, खांदे इंचभर रुंद होते. कागदातली मुलगी डोक्यावरून पाण्याच्या घागरी आणायला लागण्यापूर्वीची होती.

"इतकी वर्सां उगी कित्याक रवलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमी गावभर सांगत होतास, पाठ आसा म्हणून. खोटां कसां पाडू?"

उजवी बाही खांद्यापर्यंत उघडी ठेवून, नाड्यांनी बांधायची अशी त्यांनी शिवली. मयेला मांडवात मामीच्या भावजयीनं पाठीकडून निरखून विचारलं, "खयल्या शिंप्याकडे गो?" मामी म्हणाली, "घरचोच आसा," आणि पाठ जरा जास्त वेळ तशीच ठेवली. मामा त्या दिवशी जेवायचं विसरले.

याला तीन वर्षं झाली. आता चतुर्थीआधी एका दुपारी मामी स्वतःहून मशीनजवळ येऊन उभी राहते. मामा टेप लावतात. आकडा मात्र मोठ्यानं सांगत नाहीत. टेपवर माप जिथं येईल तिथं अंगठा दाबून धरतात, तसाच तो नव्या कागदापर्यंत नेतात आणि बारीक रेघ मारतात. रेघ कुठं आली, हे मामीही विचारत नाही.