आंब्याच्या बागेतलं इंजिन

होडी दुरुस्तीला पुळणीवर ओढली, की तिच्याभोवती आधी कुत्री जमतात, मग रिकामी माणसं, आणि मग किस्से. कुत्री आणि माणसं जेवायच्या वेळेला घरी जातात. किस्से मात्र तळाला शिंपले चिकटावेत तसे चिकटून बसतात. खरवडले तरी निघत नाहीत!

आमची 'दर्यालक्ष्मी' दुरुस्त झाली तो काळ ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा. रत्नागिरीत मांडवीला आमचं घर. होडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची. जुनी, शिडावर चालणारी. आमचे हे तेव्हा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होते. त्यांनी ठरवलं, आता होडी नीट करायची, तिला इंजिन बसवायचं आणि नारळी पौर्णिमेनंतर स्वतःच्या होडीतून मासेमारीला जायचं. नाही जमलं तर पुन्हा खलाशी, आणि या वेळी थेट मुंबईला.

मला दोन्हींची धास्ती. हे मुंबईला जातील याची, आणि त्या म्हाताऱ्या होडीत इंजिन घालून समुद्रात जातील याचीही!

*

गोविंद सुतार होडीला डॉक्टरसारखा तपासायचा. लाकडी हातोडीनं एकेक फळी ठोकायची आणि कान लावून ऐकायचं. खणखणीत वाजली की पुढं. बद्द वाजली की खडूनं फुली. फुलीची फळी बदलायची, असा हिशोब.

पहिल्या दिवशी एवढ्या फुल्या पडल्या, की मी मोजायचंच सोडलं. हे जेवलेच नाहीत. आबा फक्त संध्याकाळी ओलं फडकं घेऊन पुळणीवर फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी गोविंद बघतो तर निम्म्या फुल्या गायब!

"आबा, फुली पुसली म्हणून कीड मरते काय?"

"मी कशाला पुसतोय? पाऊस पडला राती."

"मे महिन्यात? आणि फक्त तुमच्या होडीवर?"

"वळीव असाच पडतो," आबा म्हणाले, आणि फडकं लेंग्याच्या खिशात कोंबलं.

*

फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून भरावा लागतो. एकदा भर कामात कापूस संपला. बाहेर ढग उतरलेले. सांधे उघडे राहिले तर केलेलं सगळं पाण्यात!

सकाळी गोविंदला होडीत एक उशी सापडली. कुणाची ते विचारायची गरजच नव्हती. त्या दिवसापासून आबा घोंगडीची घडी डोक्याखाली घेऊन झोपायला लागले.

"तुमची उशी कुठं गेली हो?" सासूबाईंनी मोठ्यानं विचारलं. त्या सगळंच मोठ्यानं बोलायच्या, कारण त्यांना ऐकायला येत नसे.

आबांनी बोटानं होडीकडं दाखवलं.

"अगो बाय!" सासूबाई म्हणाल्या. "आता आम्ही पण तिथंच झोपायचं काय?"

*

मग इंजिन आलं. नवं नव्हतं. कुणाच्या तरी आंब्याच्या बागेत विहिरीवर पंप चालवायचं, ते ह्यांनी घेतलं. टेंपोतून उतरवलं तेव्हा त्याच्यावर आंब्याची सुकी पानं चिकटलेली होती.

आबा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. म्हणाले, "आजवर झाडांना पाणी पाजलंन. आता आपल्याला पाजणार!"

सगळे हसले. मी हसले नाही. मला ते वाक्य महिनाभर आठवत राहिलं.

इंजिन बसवणारे हुसेनभाई मेस्त्री. त्यांनी ते आधी पुळणीवरच, दोन ओंडक्यांवर बांधून सुरू करून बघायचं ठरवलं. हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि मग जो काही धडाका सुरू झाला! कावळे उडाले, कुत्री पळाली, गोविंद सुतारानं दोन्ही कानांत बोटं घातली. काळा धूर अंगावर आला.

सासूबाई पाच हातांवर पाठमोऱ्या बसून सुकट निवडत होत्या. त्यांनी नाक वर केलं, हुंगलं आणि घराकडं तोंड करून मला हाक मारली.

"सूनबाय, भात लागला बघ गो!"

*

आता खरी काळजीची गोष्ट. इंजिन होडीच्या आत आणि पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा लोखंडी दांडा मिरजोळ्याच्या कारखान्यातून करून आणला होता. तो बाहेर काढायला होडीच्या मागच्या लाकडाला आरपार भोक पाडावं लागतं. पाण्याच्या पातळीच्या खाली!

आबांना हे कळलं त्या दिवशी ते भरल्या ताटावरून उठले.

"उभा जन्म हिची भोकं बुजवण्यात गेला माझा. आणि तू मजुरी देऊन नवं भोक पाडून घेतोस? रघू, त्या होडीत मी पाय ठेवणार नाय."

ह्यांनी आबांच्या समाधानासाठी भटजींना बोलावलं. नारळ, फुलं, अगरबत्ती सगळं मांडलं. गोविंद गिरमिट घेऊन उभा. भटजी मात्र सुरूच करेनात.

"संकल्पात म्हणू काय?" ते म्हणाले. "घराचं माहीत आहे, विहिरीचं माहीत आहे. चांगल्या होडीला भोक पाडण्याचं आमच्या पोथीत नाही."

आबा लांब, समुद्राकडं तोंड करून बसलेले. तिथूनच ओरडले, "विहिरीचंच म्हणा! पाणी लागणार, हे नक्की!"

*

होडी भरतीच्या पाण्यात ढकलली तेव्हा मी हट्टानं आत चढले. मला ते भोक बघायचं होतं. हुसेनभाईंनी दांड्याभोवती ग्रीस लावलेली दोरी घट्ट ठासून वरून नट आवळले होते. मी वाकून बघितलं. टप... टप... पाणी आत येत होतं!

"अहो, गळतंय! गळतंय हो!"

हुसेनभाई शांतपणे विडी पेटवत होते. "वहिनी, ते गळायलाच पाहिजे. थेंब थेंब आला तर दांडा थंड राहतो. ज्या दिवशी थेंब पडायचा बंद होईल, त्या दिवशी मला बोलवा."

म्हणजे बघा! तोवर मला गळण्याची एकच काळजी होती. हुसेनभाईंनी न गळण्याचीही दिली!

*

शेवटचं भांडण डोलकाठीवरून झालं. ह्यांचं म्हणणं, इंजिन आलं, आता काठी आणि शीड कशाला? उगाच अडगळ. आबा म्हणाले, "काठी काढलीस तर तिच्यावर मला बांधून ने स्मशानात." काठी राहिली.

त्या शिडाला मधोमध एक लाल ठिगळ होतं. कधीतरी वादळात शीड फाटलं, तेव्हा सासूबाईंनी आपलं लग्नातलं लुगडं फाडून ते लावलेलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या पुळणीवर येऊन बसायच्या. समुद्रात घुसलेल्या किल्ल्याच्या टोकाला लाल ठिपका दिसला, की उठायच्या आणि घरी जाऊन चुलीवर आधण ठेवायच्या. माझ्या लग्नापासून मी हे बघत आले होते.

"आता शीड बघत बसायला नको, आई," हे त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाले. "इंजिनाच्या आवाजानंच कळेल!"

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना किती कळलं, देवाला माहीत.

शेजारच्या ताराकाकूंना मात्र दोन दिवसांत आमच्या इंजिनाचा आवाज पाठ झाला. "तुमचं खोकतं गो," त्या मला म्हणाल्या. "दोनदा खोकतं, मग श्वास घेतं. लांबून ओळखू येईल."

*

नारळी पौर्णिमा झाली आणि होडी पहिल्यांदा मासेमारीला निघाली. बघतो तर आबा सगळ्यांच्या आधी आत!

"पाय ठेवणार नव्हतात ना?" गोविंद सुतारानं काठावरून विचारलं.

"पाय कुठं ठेवलाय? बसलोय!" आबा म्हणाले. "ह्याला इंजिन कळतं. वारा कोणाला कळतो?"

संध्याकाळी मी, ताराकाकू आणि सासूबाई पुळणीवर जाऊन बसलो. आम्ही दोघी कान देऊन, सासूबाई नजर लावून. एकेक होडी येत होती. प्रत्येक आवाजाला मी उठायची आणि ताराकाकू मला खाली बसवायच्या. "तुमचं नाय गो. हे खोकत नाय."

उजेड कमी व्हायला लागला. शेवटी आलेल्या होडीतल्या माणसानं सांगितलं, "तुमची आमच्या मागंच होती की! चांगली चालली होती."

मग आवाज का नाही? मला ते भोक दिसायला लागलं. थेंब पडायचे थांबले असतील की धार लागली असेल? ताराकाकूही आता मला खाली बसवेनात. त्यामुळं मला जास्तच भीती वाटली.

एवढ्यात सासूबाई उठल्या. लुगड्याची वाळू झटकली. म्हणाल्या, "आली. मी आधण ठेवते."

आम्ही दोघींनी कान दिले. लाटांशिवाय काही नाही. मी त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं. ताराकाकूंनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, म्हातारीला भास होतोय अशी. आणि मग मलाही दिसलं. टोकाला वळसा घालून एक शीड येत होतं, मधोमध लाल ठिपका असलेलं.

होडी वाळूला लागली तशी मी गुडघाभर पाण्यात धावले. आत वाकून बघितलं. तळ जवळजवळ कोरडा. टोपलीत मासे. दांड्याजवळ टप... टप... थेंब. इंजिनाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. चांगलंच गरम होतं!

"अहो, बंद पडलं काय?"

"बंद कुठलं पडतंय!" हे वैतागून म्हणाले. "झकास चालत होतं. टोकाच्या बाहेर आलो आणि आबांनी बंद करायला लावलंन. तिथून वाऱ्यावर येतोय! कशाला, ते त्यांनाच विचार."

आबा कुणाकडं बघत नव्हते. ते शीड उतरवत होते. मग पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या सासूबाईंना त्यांनी हातानं खूण करून शीड दाखवलं.

"दिसलं काय गो?"

"दिसलं," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "ठिगळ उसवत आलंय. उद्या घरी आणा."